सिकलसेलची कळ उठली की घरात काय करायचं आणि दवाखान्यात कधी निघायचं

कळ उठली की घरात एकाच वेळी चार मतं निघतात. आई म्हणते शेक द्या. आजी म्हणते पुजाऱ्याला बोलवा. काका म्हणतो बाजूच्या गावातल्या डॉक्टरकडून एक सुई मारून आणू, आणि शेजारचा म्हणतो सकाळपर्यंत पाहा. पोरगं तिकडे तळमळत राहतं आणि पहिला तास, जो सगळ्यात कामाचा असतो, बोलण्यात निघून जातो. म्हणून सिकलसेलच्या घरात निर्णय कळेच्या वेळी घेऊ नयेत. घरात सगळं ठीक असताना ते ठरवावेत आणि कागदावर लिहून ठेवावेत.

सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार. माझ्या धाकट्या भावाला एसएस आहे. म्हणजे तो वाहक नव्हे, आजारग्रस्त आहे. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याकडे. मी डॉक्टर नाही. त्याच्या डॉक्टरांनी आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी जे समजावलं आणि जे आमच्या घरात वर्षानुवर्षं वापरात आहे, ते इथे लिहिते आहे. गोळ्यांचं प्रमाण तुमच्या रुग्णासाठी तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आधी कळ का उठते ते

रक्तातला लाल रंग हिमोग्लोबिनचा. सिकलसेलमध्ये हे हिमोग्लोबिन जन्मापासूनच थोडं वेगळं असतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही सदोष जीन आले की माणूस एसएस होतो. एकच आला तर एएस, म्हणजे वाहक, आणि वाहकाला सहसा काही त्रास नसतो. एसएस माणसाच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी कडक होऊन विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. बांधीच्या पाटात काडीकचरा अडकला की पुढचं धान कोरडं पडतं, तसं त्या जागेच्या पुढच्या हाडा-मांसाला रक्त मिळेनासं होतं. ती कळ असते. ती हाडाच्या आतून येते, म्हणून बाहेरून सूज, जखम, लाली काहीच दिसत नाही असं पुष्कळदा होतं. आणि दिसत नाही म्हणूनच लोक म्हणतात, 'नाटकं करून राह्यला.'

निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलची पेशी १० ते २० दिवस. त्यामुळे हिमोग्लोबिन कायम कमी असतं आणि डोळे कायम थोडे पिवळट दिसतात. ही कावीळ लिव्हरच्या संसर्गाची नव्हे. तिच्यासाठी नाकात औषध टाकायला किंवा माळ घालायला पोराला कुठे नेऊ नका.

कागदावर काय लिहायचं

शाळेच्या वहीचं एक पान पुरतं. वर नाव, वजन, रक्तगट आणि निदान: एसएस की एस-बीटा थॅलेसेमिया (एक जीन सिकलचा, दुसरा थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आजाराचा). त्याखाली नेहमीचं हिमोग्लोबिन. हे अतिशय महत्त्वाचं आहे. बऱ्याच एसएस रुग्णांचं हिमोग्लोबिन एरवीच ७ ते ९च्या दरम्यान असतं. नवीन डॉक्टर ७.५ पाहून दचकतो आणि रक्त चढवायची तयारी करतो. त्याचं नेहमीचंच ७.५ आहे हे कागदावर असेल तर तो थांबून विचार करतो. आणि नेहमी ८ असणाऱ्याचं ५ झालं असेल, तर तेही लगेच कळतं.

मग रोजची औषधं. बऱ्याच जणांना फॉलिक अॅसिड आणि कळा कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया चालू असतं. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते लिहा. त्यानंतर कळेची पहिली गोळी आणि दुसरी गोळी: नाव, किती मिलिग्रॅम, किती तासांनी, दिवसात जास्तीत जास्त किती. हा भाग डॉक्टरांच्या हातचाच हवा. लेकरू वाढतं तसं वजन बदलतं आणि गोळीही बदलते, म्हणून दर सहा महिन्यांनी कागद नव्याने लिहून घ्या.

सगळ्यात खाली फोन नंबर. आशाताई, आरोग्य केंद्र, १०८, आणि गावात ज्याच्याकडे चारचाकी आहे अशा दोघांचे. दोघांचे यासाठी की एक जण नेमका लग्नाला गेलेला असतो. त्या दोघांना आधीच सांगून ठेवा, 'रात्री फोन केला तर यावं लागेल जी.' कोणी नाही म्हणत नाही, पण आधी विचारलेलं असलं की ऐन वेळी फोन करताना संकोच वाटत नाही.

कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ठेवा. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात असलेल्या मुलाच्या अधीक्षकांकडेही एक प्रत हवी.

चाहूल

कळ दर वेळी एकदम उठत नाही. खूपदा आदल्या दिवशी अंग जड होतं, डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे दिसतात, भूक जाते, लेकरू खेळायचं सोडून भिंतीला टेकून बसतं. माझा भाऊ त्या दिवशी गप्प होतो. विचारलं तर म्हणतो, 'काही नाही, मांड्या जड वाटून राह्यल्या.' आमच्यासाठी तेवढं पुरेसं असतं. त्या दिवशी त्याला शेतात पाठवत नाही, पाणी वाढवतो, रात्री पांघरूण जास्त देतो. कित्येकदा गोष्ट तिथेच थांबते.

प्रत्येकाची चाहूल वेगळी असते, ती ओळखायला भिंतीवरची दिनदर्शिका वापरा. दुखलं त्या तारखेवर खूण करा आणि बाजूला दोन शब्द लिहा: पावसात भिजला, ताप, रात्रभर जागरण, परीक्षा, क्रिकेट. काही महिन्यांत एक आकार दिसायला लागतो. डॉक्टरांकडे जाताना ती पानं घेऊन जा. 'अधूनमधून दुखते' या वाक्यापेक्षा ती त्यांना कितीतरी जास्त सांगतात.

सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या बाळाच्या हातापायांचे पंजे सुजले आणि बाळ हात लावू देईना, तर ती कदाचित त्याची पहिली कळ असेल. तपासणी झालेली नसेल तर लगेच आरोग्य केंद्रात न्या.

पहिला तास

दुखायला लागलं की आधी त्याला विचारा, दहापैकी किती. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. लहान मूल बोटं दाखवतं. तो आकडा आणि वेळ लिहून ठेवा. तो म्हणतो सात, तर सात. 'एवढं काही नसेल' असं म्हणून आकडा कमी करू नका. या आजारात दुखणं मोजायचं दुसरं यंत्र नाही, रुग्णाचा शब्द हेच यंत्र आहे.

मग कागदावरची पहिली गोळी द्या. दुखणं सहन होईनासं होईपर्यंत थांबू नका. उशिरा दिलेली गोळी कमी लागू पडते. बहुतेक घरांत ही गोळी पॅरासिटामॉल असते. पन्नास किलोच्या वरच्या मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन वेळांत सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल तर याहून कमी, आणि लहान मुलांना वजनावरून. किराणा दुकानात मिळणाऱ्या अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. ती गोळी आणि ही गोळी मिळून प्रमाण दुप्पट होऊ शकतं, म्हणून अशा गोळ्या घरात ठेवूच नका.

दुसरी गोळी बहुधा आयबुप्रोफेनसारखी असते. ती जेवणानंतर, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं आधीच नाजूक होतात आणि शरीरात पाणी कमी असताना ही गोळी त्यांना आणखी दुखावते. अल्सर असेल, गर्भ राहिला असेल, किंवा पावसाळ्यात ताप असून डेंग्यूचा संशय असेल तर आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक दोन्ही नकोत. लहान मुलांना अॅस्पिरिन देऊ नका.

गोळीबरोबरच पाणी. मोठ्या माणसाला तासाला एक पेला, लहानाला दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट. साधं पाणी, ओआरएस, तांदळाची पेज, ताक, आंबील, जे जाईल ते चालेल, पण फ्रिजमधलं थंडगार नको. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. एरवी आपण लघवीच्या रंगावरून पाणी कमी पडलं की नाही ते ओळखतो. सिकलसेलच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे शरीर कोरडं पडलेलं असतानाही लघवी पांढरीच दिसू शकते. त्या रंगावर भरवसा ठेवू नका, पोटात गेलेले पेले मोजा. याच कारणाने यातली बरीच मुलं मोठी झाली तरी रात्री अंथरूण ओलं करतात. त्यासाठी त्यांना रागावू नका आणि संध्याकाळनंतर पाणी बंद करू नका.

आता शेक. आमच्याकडे मिठाचा शेक देतात आणि तो बरा पडतो. दोन मुठी जाडं मीठ लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतायचं. मीठ तडतडायला लागलं की उतरवायचं आणि जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी तुकड्यात बांधून पुरचुंडी करायची. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायची. तिथे निवांत दहा मोजेपर्यंत धरवली, तरच रुग्णाला लावायची. दुखऱ्या जागेवर एकाच ठिकाणी दाबून न ठेवता हळूहळू फिरवत राहायची, दहा मिनिटं, मग थोडी विश्रांती. झोपेत शेक ठेवायचा नाही, रुग्ण गुंगीत असेल तर द्यायचाच नाही. गरम पाण्याची पिशवी असेल तर तीही चालते, कापडात गुंडाळून. बर्फ मात्र कधीच नाही. क्रिकेटमध्ये मुरगळलेल्या पायावर बर्फ लावतात ते पाहून पोरं इथेही लावायला जातात, पण थंडीने रक्तवाहिन्या आवळतात आणि कळ वाढते.

मालिश हलक्या हाताने, कोमट तेलाने, त्याला बरं वाटत असेल तर. रगडणं नको. हाड ओढणं, सांधा बसवणं नको. आणि डाग देणं तर मुळीच नको. तापलेल्या लोखंडाचे डाग मी म्हाताऱ्या माणसांच्या पोटापायांवर पाहिले आहेत. ज्यांनी दिले त्यांनी मायेनेच दिले असतील, पण त्यातून जखम होते, जखम पिकते, आणि सिकलच्या शरीराला संसर्ग झेपत नाही.

पुजाऱ्याला बोलवायचं असेल तर बोलवा, त्यावर मी घरात भांडत नाही. तो पोराशेजारी बसला, चार शब्द बोलला, आजीचं समाधान झालं तर बरंच आहे. फक्त गोळी, पाणी आणि गाडी त्याच्यासाठी थांबत नाहीत, हे कागदावर लिहून ठेवा.

पुढचे काही तास

गोळी लागू पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो आणि तो वेळ फार लांब वाटतो. या वेळात श्वास उपयोगी पडतो. नाकाने सावकाश आत, क्षणभर थांबून तोंडाने त्याहून सावकाश बाहेर. तुम्ही शेजारी बसून त्याच्याबरोबर तसंच करा. पुढे जागा असेल तोवर दर दोन तासांनी असे दहा खोल श्वास घ्यायला लावा. दुखत असताना माणूस वरवर श्वास घेतो, मग छातीचा खालचा भाग भरत नाही आणि तिथून छातीचा गंभीर त्रास सुरू होऊ शकतो. मोठ्या दवाखान्यात यासाठी गोळे उचलायचं प्लास्टिकचं यंत्र देतात. घरी लहान मुलाला साबणाच्या पाण्याचे फुगे फुंकायला दिले तरी तेच काम होतं.

मन दुसरीकडे लावण्यालाही हलकं समजू नका. मोबाइलवरचा सिनेमा, गोष्ट, भजन, पत्ते, काहीही. पोरगं सिनेमा पाहून हसलं म्हणजे त्याचं दुखत नाही असा अर्थ काढायचा नाही. ते दुखण्याशी लढत असतं आणि हसणं त्यातलं एक हत्यार आहे.

दर दोन तासांनी आकडा पुन्हा विचारा आणि लिहा. आकडा उतरत असेल तर घरीच राहा, गोळ्या वेळेवर द्या, पाणी चालू ठेवा. एक-दोन दिवस शाळा, शेत, मजुरी बंद. दिवसभर निजवून मात्र ठेवू नका. झेपेल तेव्हा अंगणापर्यंत दोन-चार पावलं चालवा.

आमच्या कागदावर असं लिहिलं आहे: दोन्ही गोळ्या देऊन तीन तास झाले आणि आकडा सातच्या खाली आला नाही, तर निघायचं. रात्र असो, पाऊस असो. तुमचे तास आणि आकडा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दवाखाना दूर असेल तर तास कमी ठेवा. एटापल्ली-भामरागडकडच्या आतल्या गावाने नागपूरच्या माणसाइतकी वाट पाहून चालणार नाही.

या गोष्टी दिसल्या तर तास मोजायचे नाहीत, लगेच निघायचं

ताप १०१ किंवा त्याहून वर. एसएस मुलांची पांथरी, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असलेला अवयव, लहानपणीच निकामी व्हायला लागते आणि काही जंतूंशी लढायची ताकद जाते. सकाळचा ताप संध्याकाळपर्यंत जिवावर बेतू शकतो. म्हणून घरात डिजिटल थर्मामीटर हवाच, हात लावून ताप पाहणं पुरत नाही. पॅरासिटामॉलने ताप दबतो, तेव्हा गोळी देण्याआधी ताप मोजा आणि आकडा लिहा.

छातीत दुखणं, धाप, खोकला. ही सिकलसेलमधली सगळ्यात घातक गोष्टींपैकी एक आहे.

लेकरू अचानक पांढरंफटक पडलं, मलूल झालं, आणि पोटाची डावी बाजू फुगली. पांथरीत रक्त साचत असतं आणि काही तासांत हिमोग्लोबिन कोसळतं. सिस्टरांकडून पांथरी हाताने चाचपायला शिकून घ्या. प्रत्येक आईला ते जमतं.

तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय उचलता न येणं, बोबडं बोलणं, फिट, अचानक अंधुक दिसणं, पूर्वी कधी झाली नाही अशी डोकेदुखी. हा पक्षाघात असू शकतो, आणि तो लहान मुलातही होतो.

सतत उलट्या, पाणी पोटात न टिकणं. डोळे एकाएकी जास्त पिवळे आणि लघवी गडद लाल-काळी. एकाच हाडावर गरम सूज आणि ताप. गर्भवतीला उठलेली कोणतीही कळ.

आणि एक गोष्ट जी मुलं लाजेपायी सांगत नाहीत: लिंग ताठ होऊन दुखत राहणं. दोन तासांच्या वर गेलं तर दवाखाना, कारण उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. घरातल्या पुरुषाने मुलाला वयात येण्याआधीच हे सांगून ठेवावं. माझ्या भावाला मामांनी सांगितलं आणि तेच योग्य झालं.

दवाखान्यात

काका म्हणत होते ती सुई. गावोगाव फिरणारे काही जण 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणून स्टेरॉइड देतात. एक-दोन दिवस जादू झाल्यासारखं वाटतं आणि मग कळ दुप्पट जोराने परतू शकते. तिकडे वळू नका. थेट आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय.

पोचल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असू द्या (दवाखान्यात कळेला क्रायसिस म्हणतात): 'एसएस आहे, क्रायसिस आहे, दुखणं दहापैकी नऊ, पॅरासिटामॉल चार वाजता दिलं, ताप इतका.' आणि कागद हातात द्या. दारात रडत उभं राहण्यापेक्षा या एका वाक्याने काम लवकर सुरू होतं. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्ण आल्यापासून एका तासाच्या आत वेदनाशामक मिळायला हवं आणि दर अर्ध्या ते एका तासाने दुखणं पुन्हा तपासायला हवं. एक तास होऊन गेला तर नम्रपणे पण ठामपणे पुन्हा विचारा, 'मॅडम, दुखण्याचं औषध केव्हा मिळेल?'

तीव्र कळेला ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनसारखं औषध लागू शकतं. त्याचं नाव ऐकून नातेवाईक घाबरतात, पोरगं व्यसनी होईल म्हणतात. दवाखान्यात, देखरेखीखाली, खऱ्या कळेसाठी काही दिवस दिलेल्या औषधाने व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. एकदा एका दवाखान्यात माझ्या भावाला 'सवय लागली आहे याला' असं त्याच्या तोंडावर म्हटलं गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो दुखलं तरी सांगेना. रुग्ण दुखणं लपवायला लागला की त्याचा पहिला तास कायमचाच हातातून जातो. म्हणून असं कोणी म्हणालं तर त्याच्यासमोर, त्याच्या बाजूने बोला.

दोन गोष्टींचा आग्रह मात्र नातेवाइकांनी धरू नये. पहिली, सलाईन. आपल्याकडे सलाईन लावली नाही तर इलाज झालाच नाही असं वाटतं. तोंडाने पाणी जात असेल तर तेच उत्तम. गरजेपेक्षा जास्त सलाईन सिकलसेलमध्ये फुप्फुसांत पाणी करू शकते. दुसरी, रक्त. नुसत्या कळेला रक्त चढवायची गरज नसते. हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा बरंच उतरलं असेल, छातीचा त्रास किंवा पक्षाघात असेल तेव्हा ते लागतं, आणि तेव्हा सरकारी रक्तपेढीतून सिकलसेल रुग्णाला मोफत मिळतं. उगीच चढवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साचत जातं. याच कारणाने शाळेत आणि अंगणवाडीत वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्याही रक्तातलं लोह तपासल्याशिवाय या मुलांना देऊ नयेत. शिक्षकांना ते सांगून ठेवा.

कळ गेल्यावर

सुट्टी झाल्यावर आठवडाभरात पुन्हा दाखवायला जायचं, हेच बहुतेक जण करत नाहीत. बरं वाटतं, शेताची कामं पडलेली असतात. पण हायड्रॉक्सियुरिया सुरू करायचा की वाढवायचा हे तेव्हाच ठरतं. वर्षात तीन किंवा जास्त मोठ्या कळा आल्या असतील तर त्याबद्दल तुम्ही स्वतः विचारा. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या औषधाने कळांचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचं दिसलं होतं. पण त्याच्याकडून दोन अपेक्षा ठेवू नका. उठलेली कळ ते थांबवत नाही, आणि गुण यायला काही महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून कॅप्सूल पेटीत टाकून देणारे पुष्कळ आहेत. रोज, ठरलेल्या वेळी, कॅप्सूल न फोडता घ्यायची. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं रक्त तपासायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. मूल हवं असेल तर स्त्रीने आणि पुरुषानेही आधी डॉक्टरांशी बोलायचं. न्यूमोनियाची लस आणि लहान मुलांचं रोजचं पेनिसिलिन, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

आपल्या ऋतूंप्रमाणे

विदर्भातलं कामाचं वर्ष आणि सिकलसेलच्या कळांचं वर्ष एकमेकांत गुंतलेलं आहे. रोवणीच्या दिवसांत माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलपाण्यात वाकून असतो, वरून पाऊस. एसएस माणसाने ते करू नये, आणि करावंच लागलं तर तासा-दोन तासांनी बाहेर येऊन अंग पुसावं, कोरडे कपडे घालावेत, गरम काहीतरी प्यावं. घरात वाटणी बदलता येत असेल तर त्याला बैल, डबा, हिशेब असं काम द्या. कापूस वेचणीला जाणाऱ्यांनी पाण्याची बाटली कमरेला बांधावी, धुऱ्यावर ठेवलेली बाटली दूर राहते आणि पाणी पिणं राहून जातं.

हिवाळ्यात पहाटेची थंडी, गार पाण्याची आंघोळ आणि मोटरसायकलवरचा प्रवास या तिन्ही गोष्टी कळ आणतात. कोमट पाणी, पायमोजे, कानटोपी, आणि गाडीवर जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटे निघतात तेव्हाही अंगात स्वेटर हवा. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, पारा ४५ अंशांच्या पुढे. तेव्हा धोका पाणी कमी पडण्याचा. पहाटे जावं, ऊन चढायच्या आत परतावं, मोठ्या माणसाने दिवसात तीन लिटरच्या खाली पाणी जाऊ देऊ नये. उन्हातून आल्या आल्या नदीत उडी नको.

मोहाची असो की दुकानातली, दारूने शरीरातलं पाणी जातं आणि रात्रीतून कळ उठते. खर्ऱ्यातली तंबाखू रक्तवाहिन्या आवळते. एसएस असलेल्या तरुणांना हे स्पष्ट सांगावं लागतं.

सरकारी कागद

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते, घरातल्या सगळ्यांची करून घ्या, लग्न ठरवण्याआधी तर नक्कीच. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळ होण्याची शक्यता २५ टक्के असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो. परीक्षेतला जादा वेळ आणि एसटीची प्रवास सवलत यांची चौकशी शाळेत आणि आगारात करा. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमध्ये.

पावसाळ्याआधी

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि त्याहून लहान नाल्यांनी तुटणारी गावं तर कितीतरी आहेत. तुमचं गाव त्यांतलं असेल तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिड दोन महिन्यांचं मागा, कारण सांगून मागा. घरात कळेच्या गोळ्या, ओआरएसची दहा पाकिटं, थर्मामीटरचा जादा सेल, टॉर्च, दोन कोरडी घोंगडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. गर्भवती असेल किंवा मागच्या पावसाळ्यात रुग्णाला भरती करावं लागलं असेल, तर पाऊस लागायच्या आत नाल्याच्या अलीकडे, दवाखान्याजवळ कोणा नातेवाइकाकडे राहायची सोय आताच बोलून ठेवा. आणि दाराच्या मागचा कागद काढून पाहा, वजन आणि फोन नंबर जुने झाले असतील तर त्याच भेटीत डॉक्टरांकडून नवा लिहून आणा.